आरोग्यसेवेतील पडताळणी : प्रज्ञा, करुणा आणि समता

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. अतिसाराने क्षीण झालेला हा भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः ते त्याच्या अंगावर ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. बुद्धविहारांतील प्रवचनांत हा प्रसंग करुणेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो आणि ते यथार्थच आहे. परंतु त्याला जोडून रुग्णसेवेचे जे नियम येतात, त्यांच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी प्रेमभाव हवा, मलमूत्राची किळस नसावी, हे तर त्यात आहेच. शिवाय त्याला औषध तयार करता आले पाहिजे आणि रुग्णाला हितकर काय, अहितकर काय, हे कळले पाहिजे, असेही सांगितले आहे. रुग्णानेही आजार वाढत असेल तर वाढतो आहे, उतरत असेल तर उतरतो आहे, तसाच असेल तर तसाच आहे, असे खरेखरे सांगावे, अशी अपेक्षा आहे. म्हणजे करुणेच्या शेजारीच पारख बसवलेली आहे. गुण येतो की नाही हे पाहिल्याशिवाय केलेली सेवा अपुरी, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

१९५६ साली बी.बी.सी.वरील भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म आपल्याला का प्रिय आहे हे सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र मांडली. आरोग्यसेवेतील पडताळणीचा विचार आपण याच तीन तत्त्वांच्या आधारे करणार आहोत. पडताळणी म्हणजे डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. ती चार साध्या प्रश्नांची शहानिशा आहे. या औषधाने खरोखर गुण येतो का? बाटलीवर जे लिहिले आहे तेच बाटलीत आहे का? रुग्णाने समजून-उमजून होकार दिला आहे का? आणि तपासणीचा निष्कर्ष पक्का आहे का? हे प्रश्न विचारायचे राहून गेले, तर त्याची किंमत सर्वांत आधी कोण मोजतो, हे इतिहास आपल्याला दाखवतो.

तपासणीच नाकारली जाते तेव्हा

चार प्रश्नांच्याही आधी एक गोष्ट घडावी लागते : रुग्णाला कोणी तरी हात लावून तपासले पाहिजे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात काठियावाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. त्याच्या बाळंतीण पत्नीची प्रकृती बिघडली. डॉक्टर आले, परंतु अस्पृश्यांच्या वस्तीत पाऊल टाकणार नाही आणि स्त्रीला स्पर्श करणार नाही, या अटीवर. फी दोन रुपये. थर्मामीटर डॉक्टरांनी एका मुस्लिम गृहस्थाकडे दिले, त्याने पतीकडे, पतीने पत्नीकडे. आणि ते परतही त्याच वाटेने आले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरांनी न्यूमोनिया असल्याचे सांगितले व ते निघून गेले. ती स्त्री दगावली.

या हकिकतीत विटाळाच्या क्रौर्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. ज्या समाजात समता नाही, तेथे रुग्णाची नीट तपासणीही होत नाही. छातीला नळी लावली गेली नाही, नाडी पाहिली गेली नाही. तरीही निदान सांगितले गेले आणि फीही घेतली गेली. पडताळणीचा पहिला शत्रू अज्ञान असेल; परंतु विषमता त्याच्यापेक्षा लहान शत्रू नाही.

'मला गुण आला' एवढे पुरेसे आहे का?

अंगुत्तरनिकायात केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आहे. परंपरा आहे म्हणून, ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असा त्याचा आशय सर्वांना परिचित आहे. याचा अर्थ काही जण 'स्वतःला अनुभव आला की झाले' असा करतात. औषधाच्या बाबतीत हा अर्थ धोक्याचा आहे. साधी सर्दी बहुधा आठवड्याभरात औषधाविना बरी होते. तिसऱ्या दिवशी कोणी अंगारा लावला आणि सातव्या दिवशी सर्दी गेली, तर श्रेय अंगाऱ्याला मिळते. अनुभव खोटा नसतो. त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. अंगारा न लावलेल्यांचे काय झाले, हे आपण पाहिलेलेच नसते.

तुलनेची ही युक्ती मुंबई इलाख्यात कशी वापरली गेली, याचा इतिहास प्रत्येक शाळेत शिकवला जावा असा आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. त्यानंतर ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना सरकारने मुंबईस पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वप्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली.

परंतु स्वतः टोचून घेणे हे धैर्य झाले, पुरावा नव्हे. पुरावा मिळाला तो भायखळ्याच्या तुरुंगात. जानेवारीच्या अखेरीस तेथे प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी लस घेण्यास पुढे आले. त्याहून थोडे अधिक कैदी लशीविना राहिले. दोन्ही गटांचे अन्न, काम आणि हवा एकच होती. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला. दगावले कोणीही नाही.

आकडे लहान होते, म्हणून हाफकिन तेथे थांबले नाहीत. १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे. फरक एवढाच, की काहींना लस आणि काहींना नाही. ज्या कुटुंबांत पुढे प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला व ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला व २६ दगावले. पुढे भारतीय प्लेग आयोगाने ही सर्व आकडेवारी तपासली, तिच्यातील उणिवा दाखवल्या आणि लशीने धोका बराच कमी होतो, मात्र संपूर्ण संरक्षण मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. खऱ्या पडताळणीची भाषा अशी असते. ती 'शंभर टक्के गुण' असे कधी म्हणत नाही. जो तसे म्हणतो, त्याच्यापासून सावध राहावे.

याच काळात पुण्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हाफकिन यांनी लस टोचून घेतली त्या दिवसाला तेव्हा बरोबर दोन महिने झाले होते. एकीकडे करुणा रुग्णाला पाठीवर घेत होती, दुसरीकडे प्रज्ञा आकडे मोजत होती. दोघींचा शत्रू एकच होता. यांपैकी एकीला मोठी आणि दुसरीला लहान ठरवण्याचे कारण नाही. परंतु एकीवाचून दुसरीचे काम अपुरे राहते, हे ध्यानात घ्यावे.

आरोपाचीही पडताळणी हवी

१९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सर्वांना लस एकाच बाटलीतून दिलेली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेचा आणि तेथे लस बनवण्याच्या पद्धतीत केलेल्या बदलाचा, असे ठरवले गेले. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले.

परंतु साक्षीपुराव्यात दुसरी एक गोष्ट होती. मुलकोवाल येथे बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढले गेले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते बाटलीत भरतेवेळीच शिरले असते तर इतक्या दिवसांत वाढून बाटलीला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी दुर्गंधी आली नव्हती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुराव्याची फेरतपासणी केली. मलेरियाचा प्रसार डासांमार्फत होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस व अन्य शास्त्रज्ञांनी १९०७ साली 'द टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचेच नाव आहे.

आमच्या दृष्टीने या घटनेतला धडा दुहेरी आहे. चांगली लसही शेवटच्या हातातील निष्काळजीपणाने प्राणघातक ठरू शकते. म्हणून पडताळणी प्रयोगशाळेच्या दाराशी संपत नाही, ती सुईच्या टोकापर्यंत जावी लागते. आणि दुर्घटना घडल्यावर समोर दिसेल त्याला दोषी ठरवणे ही चौकशी नव्हे. आजही एखाद्या गावात लसीकरणानंतर मूल दगावले तर दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात : 'लशीनेच मेले' किंवा 'लशीचा काही संबंध नाही'. दोन्ही उत्तरे तपासाआधीची असतात.

बाटलीत काय आहे?

औषध गुणकारी असल्याचे सिद्ध झाले तरी रुग्णाच्या हाती येणारी बाटली त्याच औषधाची आहे, हे वेगळे तपासावे लागते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे उपयुक्त औषध पातळ स्वरूपात देण्यासाठी एका कंपनीने ते डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. हे द्रव्य रंगहीन, दाट आणि चवीला गोड असते. मूत्रपिंडे मात्र निकामी करते. चव, रंग, वास तपासले गेले. विषारीपणा तपासला गेला नाही. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत अनेक मुले होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, की औषध सुरक्षित असल्याचा पुरावा दिल्याशिवाय ते बाजारात आणता येणार नाही.

या घटनेला जवळजवळ पन्नास वर्षे लोटल्यावर, १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष पुन्हा प्रकटले. रुग्णांना देण्यात आलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉलची भेसळ होती. १४ रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासनाचा कारभार आणि राजकीय हस्तक्षेप या सर्वांवर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. पन्नास वर्षांपूर्वीचे ज्ञान ग्रंथांत होते. कायदाही होता, आपल्याकडील औषध कायदा १९४० चा. नव्हती ती प्रत्यक्ष पडताळणी. कागदावर शिक्का होता, बाटलीत विष होते.

सरकारी रुग्णालयात कोण जातो, हे येथे सांगण्याची गरज नाही. ज्याच्याजवळ दुसऱ्या दवाखान्यात जाण्याचे पैसे नसतात, तो समोर येईल ती बाटली घेतो. म्हणून आम्ही म्हणतो, की औषधांची पडताळणी हा केवळ शास्त्राचा विषय नाही, तो सामाजिक न्यायाचा विषय आहे. श्रीमंत रुग्ण आपली काळजी पैशाने विकत घेऊ शकतो. गरीब रुग्णाची काळजी प्रामाणिक औषध-निरीक्षकच घेऊ शकतो. आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेला मुलगा उद्या औषध-निरीक्षक झाला, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झाला, फार्मासिस्ट झाला, तर त्याच्या सहीवर न पाहिलेल्या माणसांचे प्राण अवलंबून असतील. ती सही न तपासता केलेली असू नये, हीच त्याची धम्मसेवा.

होकार कोणाचा?

औषध तपासायचे तर ते माणसांवरच तपासावे लागते. मग कोणाच्या शरीरावर? अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक सरकारी अभ्यास चालला. त्यांतील सुमारे चारशे जणांना उपदंश होता. रोगाची वाटचाल पाहावी म्हणून त्यांना खरा उपचार दिला गेला नाही; पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही नाही. नोंदी चोख होत्या. करुणा आणि समता नसलेली पडताळणी किती अमानुष होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. भायखळ्याचे कैदी स्वेच्छेने पुढे आले असे म्हणतात. परंतु कैद्याच्या स्वेच्छेला किती वाव असतो, हा प्रश्न आज आपण विचारलाच पाहिजे.

या बाबतीत निवासी शाळा चालवणाऱ्या आम्हा सर्वांना अंतर्मुख करणारी घटना आपल्या देशातच घडली आहे. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक प्रकल्प राबवला गेला. १० ते १४ वर्षे वयाच्या हजारो मुलींना लस दिली गेली. त्यांत आदिवासी व वसतिगृहात राहणाऱ्या मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही, असे चौकशीत आढळले. जगभरच्या अनुभवातून ही लस उपयुक्तही ठरली आहे. परंतु संमतीचे काय? संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या.

अधीक्षकाची सही ही आईबापांची सही नव्हे. आमच्या स्वाधीन केलेले मूल आमचे असते ते जपण्यासाठी. त्याच्या शरीराविषयीचा निर्णय परस्पर घेण्यासाठी नव्हे. पालक रोजंदारीवर दूर गेलेले असतील, त्यांना वाचता येत नसेल, तर त्यांच्यापर्यंत पोहोचणे आणि त्यांच्या बोलीत समजावून सांगणे हे आमचे काम आहे. लस चांगली होती, म्हणून न विचारणे क्षम्य ठरत नाही. उद्या हीच माणसे चांगल्या लशीकडेही संशयाने पाहू लागली, तर दोष त्यांचा कसा म्हणावा?

आपल्या घरातील एक तपासणी

शेवटी आपल्या समाजाला अगदी जवळचा विषय घेऊ. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजातही आढळतो. शाळांत, शिबिरांत बोटाचे थेंबभर रक्त घेऊन विद्राव्यता चाचणी करतात. ही प्राथमिक चाचणी आहे. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच ती सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळात दोष असूनही ती नकारार्थी येऊ शकते. खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावी लागते.

प्राथमिक चाचणीचा कागद घरी आला की दोन प्रकारच्या चुका होतात. वाहक असलेल्या निरोगी मुलीला 'रोगी' ठरवून तिचे लग्न अडवले जाते, किंवा कागद कपाटात ठेवून विषय मिटवला जातो. दोन्ही ठिकाणी पडताळणी अर्ध्यावर सोडलेली असते. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी जीवन जगते. मात्र पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल सिकलसेलचे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाह ठरवताना कुंडलीऐवजी खात्रीच्या तपासणीचा अहवाल पाहावा, ही आमची सर्व माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आग्रहाची विनंती आहे. गुणमीलन करणाऱ्याला दक्षिणा देण्यापेक्षा तपासणी करून घेण्यात शहाणपण आहे, हे धम्मदीक्षा घेतलेल्या घरांत तरी सांगावे लागू नये.

प्रश्न विचारणारा रुग्ण

बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखवला तो केवळ नोकरीसाठी नव्हे. पिढ्यानुपिढ्या आपल्याला प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. पाटलाला नाही, भटजीला नाही, वैद्यालाही नाही. ती सवय अंगातून सहज जात नाही. आजही शिकलेला माणूस डॉक्टरांसमोर हात जोडून उभा राहतो आणि चिठ्ठी घेऊन निघतो. दुसरीकडे तोच माणूस मोबाइलवर आलेला अनोळखी काढा बिनदिक्कत पितो. एकाला प्रश्न विचारायचे धाडस नाही, दुसऱ्याला प्रश्न विचारायची गरज वाटत नाही. दोन्ही ठिकाणी प्रज्ञा झोपलेली असते.

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : मला काय झाले आहे? हे औषध कशासाठी? याचे दुष्परिणाम कोणते? पुन्हा तपासणी केव्हा? औषध घेताना बाटलीवरील नाव, मुदतीची तारीख आणि उत्पादन-क्रमांक पाहावा व बिल जपून ठेवावे. दुर्घटना घडली तर तोच धागा दोषी बाटलीपर्यंत नेतो. मुलकोवालची बाटली ओळखता आली ती तिच्या क्रमांकामुळेच. संमतिपत्र न वाचता सही करू नये आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगण्यात कमीपणा मानू नये.

आमच्या शाळेतील मुलांना आम्ही हेच सांगतो, की प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही. जो डॉक्टर जाणता आहे, त्याला विचारणारा रुग्ण आवडतो. कारण आजार वाढतो आहे की उतरतो आहे हे खरेखरे सांगणारा रुग्णच त्याला हवा असतो. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणी डॉक्टर असतील, कोणी परिचारिका, कोणी आशा-सेविका, तर बहुसंख्य केव्हा ना केव्हा रुग्ण असतील. ज्यांच्या हाती औषध आहे त्यांनी ते तपासून द्यावे. ज्यांना ते घ्यायचे आहे त्यांनी विचारून घ्यावे. आणि ज्याला विचारता येत नाही त्याच्या वतीने शिकलेल्या शेजाऱ्याने विचारावे. दवाखान्याच्या रांगेत गोंधळून उभ्या असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माउलीची चिठ्ठी वाचून देणारा आपला विद्यार्थी दिसला, तर आमच्या शाळेने काही शिकवले, असे आम्ही समजू.